काचेवरची वाफ

“नाही म्हणू नये गं कधी. असलेलं सांगावं, नसलेलं पोटात ठेवावं. घर ऐकत असतं.”

आई हे सांगायची तेव्हा तिचे दोन्ही हात कामात असायचे आणि नजर भलतीकडेच असायची, त्यामुळे ते सांगणं लेकीला आहे, शेगडीला आहे की रिकाम्या डब्याला, तेच कळायचं नाही. त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. पण न्यायालयाच्या तळमजल्यावर सात नंबरच्या खिडकीशी, काचेच्या अर्धगोल भोकातून आपलाच अर्ज परत बाहेर सरकताना दिसला, तेव्हा तो आवाज इतक्या जवळून आला की तिनं वळून मागं पाहिलं. मागं नुसती रांग होती, ओल्या लोकरीचा वास होता आणि दर वेळी उघडताना कण्हणारं दार होतं.

“बाई, हे असं नाही चालायचं,” आतला कारकून म्हणाला. त्याच्या चष्म्याला काळी दोरी होती. चष्मा छातीवर सोडून तो अर्ज डोळ्यांपाशी धरून वाचत होता. “फी माफ करा म्हणताय आणि लिहिलंय काय? ‘महिन्याचा खर्च भागतो का?’ तुमचं उत्तर, ‘भागतो.’ ‘अडचणींचे स्वरूप?’ तर ‘देवाच्या दयेने सर्व ठीक.’ आणि हे बघा, ‘मदत करणाऱ्याचे नाव.’ देव!” त्यानं चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “पत्ता लिहायचा राहिलाय. उत्पन्नाचा दाखलाही जोडलेला दिसत नाही त्यांचा.”

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. तीही हसली. हसण्याची तिला सवयच होती. कुणी धक्का दिला तरी आधी हसू यायचं आणि दुखणं मागून, सावकाश, जिना चढून आल्यासारखं यायचं.

“मग आता?” तिनं विचारलं.

“आता काय! तुम्हीच लिहून दिलंय, सगळं आहे म्हणून. ज्याला सगळं आहे त्याची फी कशी माफ होईल? आणि आज शेवटचा दिवस आहे तुमचा, ठाऊक आहे ना?” मग आवाज खाली आणून, काचेला तोंड लावल्यासारखा तो म्हणाला, “तीन वाजता निबंधकबाई बसतात. त्यांच्यापुढे तोंडी सांगता येतं, शपथेवर. दुरुस्ती त्या करून घेतील. पण सांगा हं! नुसतं हसू नका.”

समोरच्या लाकडी बाकावर ती जाऊन बसली. उजवा हात तिनं डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, शालीखाली. हे उचलून ठेवणं कुणाला दिसू नये अशा बेतानं करायला ती दोन वर्षांत शिकली होती. सव्वीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती; कॉलरी आणि मनगटपट्ट्या हे तिचं काम, म्हणून तिथं सगळे तिला कॉलरबाई म्हणायचे. दिवसाला तीनशे शर्ट. खांद्यातलं काहीतरी आधी कुरकुरलं, मग तडकलं, आणि एका सकाळी इस्त्री उचलायला गेली तेव्हा हात तिचं ऐकेचना. डॉक्टरांनी लिहून दिलं, भत्ता सुरू झाला. फार नव्हता. पण ती आणि तिची नणंद, दोघी दोन खोल्यांत मानानं राहत होत्या. दोघींचेही नवरे गेलेले, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा भाऊ तो एकच माणूस, आणि दुसरीचा नवरा त्याच्याही आधी. नणंदेची नजर अधू. तिला माणसं सावल्यांसारखी दिसायची, पण जीभ लख्ख होती. या घरात ‘नाही’ म्हणायचं काम तिच्याकडेच होतं. घरमालकाला नाही, फेरीवाल्याला नाही, औषधालाही नाही. “वहिनी, तुम्ही हो म्हणत सुटा. मी मागून नाही म्हणत येते, झाडू मारल्यासारखी,” असं ती म्हणायची.

पण ज्या दिवशी भत्ता-कचेरीतली मुलगी पाहणीला आली, त्या दिवशी वन्सं नेमक्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेल्या. मुलगी गोड होती, दमलेली होती, तिच्या बुटाची नाडी सुटलेली होती. दारात पाहुणं आलं की जे होतं तेच झालं. तिनं डाव्या हातानं चहा केला, उजवा शालीत ठेवला. “हात डोक्यापर्यंत जातो का?” जातो की. “घरकाम जमतं?” होतं सगळं. “दुखतं का फार?” चालायचंच, वयाचं आहे. प्रत्येक उत्तराला मुलगी हातातल्या टॅबच्या पाटीवर बोट टेकवत होती, आणि आपण एका थकलेल्या जिवाला त्रास न देता वाटेला लावलं याचं हिला समाधान वाटत होतं! पंधरा दिवसांनी पत्र आलं. ‘आपण स्वतः दिलेल्या माहितीनुसार आपला भत्ता बंद करण्यात येत आहे.’ त्या ओळीत कुठंच खोट काढता येत नव्हती. वन्संना ती वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे चोर घरातलाच.” अपिलाला तीन महिन्यांची मुदत होती. अपील दाखल झालं की निकाल लागेपर्यंत भत्ता पुन्हा सुरू करावा लागतो, असं पत्राच्या पाठीमागं बारीक अक्षरात होतं. पण दाखल करायची फी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. ज्यांना झेपत नाही त्यांनी माफीचा अर्ज करावा, हे त्याहूनही बारीक अक्षरात. तो अर्ज तिनं तीन संध्याकाळी बसून, डाव्या हातानं, सुरेख अक्षरात भरला होता. आणि प्रत्येक रकान्यात पुन्हा पाहुण्याला चहा दिला होता.

घड्याळात पावणेबारा झाले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, जुना पण नीट घासलेला कोट, कॉलर मात्र घरी इस्त्री केलेली. तिला ते लगेच कळलं, कारण डागावरून इस्त्री फिरली होती. लाँड्रीत नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी हेच सांगायची. डाग आधी बघायचा, धुवायचा, मग इस्त्री. डागावर गरम इस्त्री फिरली की डाग पक्का होतो, मग तो जन्माचा. हे आपण सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं, आणि... तिनं तो विचार तिथंच सोडला. कॉरिडॉरच्या टोकाला उंच खिडकी होती, तिच्या काचेवर वाफ धरली होती, आणि बाहेरची झाडं त्यात पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती.

खिडकी. लहानपणी थंडीच्या दिवसांत चाळीच्या अंगणापलीकडच्या सगळ्या खिडक्यांवर संध्याकाळी वाफ धरायची. आत काहीतरी शिजतंय याची ती खूण. त्यांची एकच खिडकी काही काही दिवशी कोरडी, स्वच्छ, आरपार. अशा दिवशी आई खिडकीपाशी जायची आणि काचेवर श्वास सोडायची. हाऽऽ. मग शेजारच्या तावदानावर. हाऽऽ. ओलं फडकं हलकेच टिपायची. “ये, तू पण कर,” म्हणायची, आणि तिला तो खेळ वाटायचा. दोघी मायलेकी नाकं काचेला लावून श्वास सोडत उभ्या राहायच्या, घसा कोरडा पडेस्तोवर. ती वाफेवर बोटानं मासा काढायला जायची, तर आई हात धरायची: “ते नको. आरपार दिसेल.” खालून कुणी शेजारीण हाक मारायची, “काय गं, आज काय बेत?” आणि आई वरून म्हणायची, “नेहमीचंच!” आणि हसायची. ते हसू. आज सकाळी सात नंबरच्या काचेत तिनं पाहिलेलं हसू तेच होतं, ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होणारं. आईकडून तिला आलेला दागिना एवढाच, आणि तो कुठं गहाणही टाकता येत नव्हता.

धर्मादाय दवाखान्यातली आईची ती शेवटची थंडी. नर्स रोज विचारायची, “आजी, दुखतंय का?” आणि आई म्हणायची, “बरं आहे.” नर्स तक्त्यावर तेच लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. पुढच्या खाटेवरची बाई आरडाओरडा करायची, तिला सुई मिळायची आणि ती झोपायची. आईची बोटं मात्र रात्रभर चादरीची कड चुरत असायची. आणि ही स्टुलावर बसून जप करायची. एकशे आठ मणी, मग पुन्हा एकशे आठ. उठून नर्सला सांगावं, ‘तिला दुखतंय हो,’ असं वाटायचं, पण ते आईचं गुपित फोडल्यासारखं झालं असतं. अंगणातून दिसेल असा काचेवर मासा काढल्यासारखं. शेवटच्या सकाळी आईनं डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “खिडकी पूस गं. बाहेरचं काही दिसत नाही.” तिनं उठून काच पुसली. पुसून वळेपर्यंत आई गेलेली होती.

‘दिसत नाही.’ बाकावर बसल्या बसल्या तिला एकदम जाणवलं की ती शिकवण सोडली तर साऱ्या जन्मात आईच्या तोंडून ऐकलेलं ते एकच ‘नाही’. आपण ते ऐकलं, काच पुसली, आणि विसरून गेलो. हातातल्या छोट्या माळेचे मणी तिनं चाचपले. सकाळचा नेम झाला होता, दिवा झाला होता, तरी आत काहीतरी झालेलं नव्हतं. ती स्वतःला खरं बोलणारी बाई समजत आली होती. उभ्या आयुष्यात कुणाचं एक बटण तिनं ठेवून घेतलं नव्हतं. मग ‘भागतो’ हे काय होतं? खोटंच ना? नम्रपणाचं खोटं, हात जोडून उभं राहिलेलं. देव रोज सकाळी तिच्याकडे बघतो. त्याला तर रिकामा डबा दिसतच असेल. मग इतकी वर्षं ही वाफ कुणासाठी?

“तुमचा नंबर कितवा?” कोटवाल्या गृहस्थांनी विचारलं.

“मला तीनला बोलावलंय. तुमचा?”

“आमचा काय! पेन्शनमधलं काहीतरी कापलं, त्याचं. घड्याळं दुरुस्त करायचो मी. आता हात थरथरतो.” त्यांनी कोटाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला. “अपिलाचा अर्ज द्यायचा होता. पण जाऊ दे. मी निघतोच आहे. उगाच कुणाला त्रास. चाललंय तसं बरं चाललंय.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘चाललंय तसं बरं चाललंय’ म्हणताना त्यांच्याही ओठाचा डावा कोपरा आधी हलला होता.

“तुमची मुदत कधीपर्यंत आहे?”

“उद्या. पण लिहिण्यासारखं काही नाही हो माझ्याकडे.”

“तेच लिहायचं असतं,” ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजानं दचकली. “तुम्ही कुठं राहता? उद्या सकाळी मी येते. तुम्ही सांगायचं, मी लिहीन. माझं अक्षर बरं आहे. डाव्या हाताचं आहे, पण बरं आहे.”

“तुमचं आधी होऊ दे, बाई,” म्हातारे म्हणाले, थोडं चेष्टेनं, थोडं हळवं होऊन.

“माझं काही का होईना, येईन,” ती म्हणाली. “वचन देते.” त्यांनी पत्ता सांगितला. तिनं तो माळेच्या पिशवीत ठेवलेल्या चिठोऱ्यावर लिहून घेतला.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिला आत बोलावलं. खोली लहान होती, हीटर होता, आणि टेबलामागं निबंधकबाई बसल्या होत्या; पन्नाशीच्या, सर्दीनं बेजार, नाक लाल, रुमाल पुस्तकाखाली दडवलेला. शेजारी चष्म्याची दोरी छातीवर सोडून तो कारकून. शपथ झाली. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. हे शब्द उच्चारताना तिला वाटलं, ही तर प्रार्थनाच आहे, रोजच्यापेक्षा कठीण.

“तुम्ही लिहिलंय, खर्च भागतो,” निबंधकबाई शिंकल्या. “माफ करा. हं. कसा भागतो ते सांगा.”

हसू आलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ते येऊन उभं राहिलं, जुन्या मोलकरणीसारखं, हुकमाची वाट बघत. खिडकी टेबलाच्या मागंच होती. तिच्यावर वाफ होती. तिनं त्या वाफेकडे पाहिलं आणि हसू ओठावरच थांबवलं. एक श्वास गेला. दुसरा गेला. कारकुनानं मान वर केली.

“भागत नाही,” ती म्हणाली.

छत कोसळलं नाही. हीटर गुणगुणत राहिला. निबंधकबाईंनी नुसतं पेन उचललं, जसं काही कुणी आपलं वय सांगितलं असावं. आणि मग तिच्या लक्षात आलं की ‘नाही’ला धार नसते, पहिल्यालाच काय ती असते. पुढचे आपोआप आले, माळेतले मणी एकामागून एक बोटाखाली यावेत तसे. “शेगडी संध्याकाळी एकदाच पेटवतो. खोली गरम ठेवणं परवडत नाही. खांद्याच्या गोळ्या अर्ध्या करून घेते, कारण पुऱ्या महिन्याच्या घेता येत नाहीत. बचत नाही. मदत करणारं माणूस नाही. ते मी देवाचं नाव लिहिलं ते खरंच आहे, बाई, पण तो भाडं भरत नाही.” कारकून खोकला. “आणि उपास. माझा आठवड्याला एक उपास असतो, लग्नाआधीपासूनचा. भत्ता बंद झाल्यापासून तीन धरते. घरात सांगितलंय, नवा नेम घेतलाय. पहिला उपास माझ्या देवाचा आहे. दुसरा आणि तिसरा कोणत्या देवाचा, ते मला शपथेवर सांगता यायचं नाही.”

निबंधकबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी रुमाल काढला, आणि या वेळी त्या शिंकल्या नाहीत.

“आणि हात?” त्यांनी विचारलं. “अपिलाला आधार काय, एवढंच मला बघायचंय. पाहणीत लिहिलंय, हात डोक्यापर्यंत जातो.”

“जात नाही.” तिनं शाल बाजूला केली. उजवा हात सगळ्यांसमोर मांडीवर पडलेला होता, तिलाच तो अनोळखी वाटला, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. तिनं तो उचलायचा प्रयत्न केला. छातीपर्यंत आला, थरथरला, थांबला. “माझ्या देवाची फळी वर होती, भिंतीवर. रोज पहाटे तिथं दिवा लावायची. दोन वर्षांपूर्वी ती मी खाली घेतली, स्टुलाएवढी. नणंदेला सांगितलं, तुम्हाला जवळून दिसावं म्हणून घेतली. तसं नव्हतं. माझा हात देवापर्यंत पोचत नव्हता.”

कारकुनानं अर्ज पुढं ओढला, ‘भागतो’वर एक सरळ रेघ मारली आणि तिच्या सांगण्याप्रमाणे वरती नवं उत्तर लिहिलं, तिनं डाव्या हातानं शेजारी सही केली. निबंधकबाईंनी खाली तीन ओळी लिहिल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवल्या: फी पूर्ण माफ, अपील आजच्या तारखेनं दाखल, निकालापर्यंत भत्ता चालू ठेवण्याबद्दल कचेरीला पत्र. मग शिक्का उचलला आणि मारला. धप्प! सव्वीस वर्षं जड इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज ऐकलेल्या त्या कानांना हा आवाज ओळखीचा वाटला, पण इतका गोड कधीच लागला नव्हता. धप्प! दुसऱ्या प्रतीवर. तिला वाटलं, तिसरी प्रतही असावी.

“बाई,” बाहेर पडताना कारकून म्हणाला, “त्या रकान्यातलं देवाचं नाव खोडू का?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “त्यालाही कळू दे की आपलं नाव सरकारी कागदावर आहे.” आणि आता मात्र ती हसली, आणि ते हसू उजव्या कोपऱ्यापासून सुरू झालं की डाव्या, हे बघायला तिथं आई नव्हती.

रस्त्यावर थंडी तशीच होती, माणसं तशीच मान खाली घालून चालली होती, पण तिच्या चालण्याला एक ठेका आला होता. भागत नाही, जात नाही, पोचत नाही. जन्मभर ज्या शब्दाला ती दारात उभं करत नव्हती तो तिच्याबरोबर, हातात हात घालून, लेकुरवाळ्या बाईसारखा ऐटीत चालला होता. बेकरीच्या काचेत तिला आपली आकृती दिसली: शाल खांद्यावरून सरकलेली, उजवा हात उघडा, लोंबता, आणि मान एखाद्या कडक कॉलरीसारखी ताठ.

घरी वन्सं अंधारातच बसल्या होत्या. त्यांना दिव्याचं कौतुक नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. शिक्का मारलेल्या कागदावरून बोट फिरवलं, उमटलेला शिक्का बोटाला लागतो का बघितलं. मग म्हणाल्या, “देवाची फळी माझ्यासाठी नव्हती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“मग बोलला नाहीत ते!”

“वहिनी, मी आंधळी आहे, खुळी नाही. तुम्ही झाकून ठेवलेलं मी कशाला उघडू? पण ते दोन जास्तीचे उपास आता सोडा हं. त्यांचा देव मला ठाऊक आहे. उद्यापासून त्याला या घरात जागा नाही.” दोघी हसल्या, आणि हसता हसता वन्संनी तिचा तो उजवा हात चाचपत शोधला आणि आपल्या मांडीवर घेऊन बसल्या, आपलाच असल्यासारखा.

सकाळी तिनं नेहमीप्रमाणे दिवा लावला, स्टुलाएवढ्या फळीवर, डाव्या हातानं. एकशे आठ मणी झाले. शेगडी आज सकाळीही पेटली होती, तिच्यावर पाणी उकळत होतं. वन्सं अजून पांघरुणात होत्या. तिनं पिशवीत दोन पेनं टाकली, एक कोरा कागद घडी न करता पुस्तकात ठेवला, आणि माळेच्या पिशवीतला पत्ता पुन्हा वाचला. खिडकीवर वाफ धरली होती, आतल्या पाण्याची, खरीखुरी. तिनं त्या वाफेवर बोटानं एक मासा काढला. त्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता, आणि तो ओला होता.

“कुठं निघालात इतक्या सकाळी?” पांघरुणातून आवाज आला.

“येते,” ती म्हणाली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.